सिएरा नेवाडात रानात मुक्काम: परवाना कोणाकडून, किती आधी, आणि मिळाल्यावर काय पाळायचं

प्रश्न थोडक्यात असा. सहा जणांचा गट आहे, तिघे बे एरियात, म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणारे आणि तिघे पुण्याहून येणारे. ऑगस्टच्या मध्यावर योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात किंवा त्याच्या आसपासच्या डोंगरात, गाडीरस्त्यापासून लांब, पाठीवर सामान घेऊन तीन-चार रात्री काढायच्या आहेत. सह्याद्रीत सपाट जागा आणि जवळ पाणी दिसलं की मुक्काम टाकतो, तसं तिथे चालतं का? परवाना लागतो का, कोण देतं, किती आधी मागायचा?

चालतं. सिएरा नेवाडा या कॅलिफोर्नियातल्या डोंगररांगेच्या बहुतेक भागात रात्रीची जागा तुम्हीच निवडता, क्रमांक लिहिलेले ओटे नसतात. पण ही मोकळीक परवान्याच्या आत मिळते. आणि तो परवाना आपल्याला वाटतो तसा 'इथे राहायला परवानगी' असा नसतो. तो असतो 'या तारखेला, या वाटेने आत जायला परवानगी' असा. हा फरक नीट कळला की बाकीचं सगळं सोपं जातं. न कळल्यामुळे लोक सहा महिने आधीपासून चुकीच्या गोष्टीमागे धावतात.

सगळ्यात आधी जमीन कोणाची ते बघा. 'सरकारी जंगल' असा एकच प्रकार तिथे नाही. राष्ट्रीय उद्यानं नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहेत, राष्ट्रीय वनं फॉरेस्ट सर्व्हिसकडे, आणि कोरडी, ओसाड वाटणारी बरीचशी जमीन ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट म्हणजे बीएलएमकडे. तिघांचे नियम वेगळे. डोनाह्यू पास ही खिंड घ्या. तिच्या उत्तरेला योसेमिटी राष्ट्रीय उद्यान, दक्षिणेला इन्यो राष्ट्रीय वन. दक्षिणेकडच्या वाटेवर कुत्रा बरोबर नेता येतो, खिंड ओलांडली की नेता येत नाही. या मालकीच्या वर आणखी एक थर असतो तो 'वाइल्डनेस'चा. १९६४ च्या वाइल्डनेस कायद्याने अमेरिकी काँग्रेस एखादा भूभाग राखीव ठरवते. मग तो कोणत्याही खात्याकडे असो, तिथे मोटार नाही, सायकल नाही, यंत्राची करवत नाही. ड्रोन उडवायचा किंवा उतरवायचाही नाही. राष्ट्रीय उद्यानांत तर ड्रोनला सगळीकडेच बंदी आहे. गटातल्या कोणाच्या सॅकमध्ये तो असेल तर गाडीतच राहू द्या.

प्रवास एका खात्याच्या जमिनीवरून दुसऱ्याच्या जमिनीवर जाणारा असला तरी परवाना एकच लागतो, जिथून चालायला सुरुवात करता तिथल्या खात्याचा. नियम मात्र ज्या रात्री ज्याच्या जमिनीवर असाल त्याचे पाळायचे.

आता प्रवेशाच्या कोट्याबद्दल. जिथे गाडी लावून पायवाट सुरू होते त्या जागेला ट्रेलहेड म्हणतात. प्रत्येक ट्रेलहेडवरून दिवसाला किती माणसं मुक्कामासाठी आत सोडायची हे ठरलेलं असतं. १९७० च्या दशकापासून सिएरात हीच पद्धत आहे. तिच्यामागचा विचार असा की गर्दी दाराशीच आवरली तर पहिल्या रात्रीनंतर माणसं आपोआप पांगतात, मग आत कोणी कुठे झोपायचं हे ठरवून द्यावं लागत नाही. म्हणून परवान्यावरच्या दोनच गोष्टी पक्क्या असतात: प्रवेशाची तारीख आणि प्रवेशाची वाट. पुढच्या रात्रींचे मुक्काम तुम्ही अंदाजाने लिहिता, आणि पाऊस, थकवा, पायाला आलेले फोड यांप्रमाणे ते बदलले तरी चालतात. तारीख किंवा ट्रेलहेड मनाने बदललं तर परवाना नसल्यासारखंच आहे.

ही पद्धत सगळीकडे नाही, हेही लक्षात असू द्या. ग्रँड कॅन्यनमध्ये प्रत्येक रात्रीची जागा परवान्यावर बांधलेली असते. टाहो सरोवराजवळच्या डेसोलेशन वाइल्डनेसमध्ये पहिल्या रात्रीचा विभाग ठरलेला असतो. एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे तसाच लागू करू नका.

योसेमिटीत मुक्कामाचा परवाना वर्षभर लागतो. प्रत्येक ट्रेलहेडच्या कोट्यातल्या साधारण ६० टक्के जागा साप्ताहिक सोडतीने जातात. ही सोडत प्रवेशाच्या तारखेच्या २४ आठवडे आधी निघते. म्हणजे १५ ऑगस्टला आत जायचं तर अर्ज फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर करायचा. अर्ज रविवार ते शनिवार घेतात, निकाल सोमवारी लागतो, आणि नंबर लागला तर त्या आठवड्यातच, गुरुवारपर्यंत, स्वीकारून पैसे भरावे लागतात. निकालाची ईमेल स्पॅममध्ये पडून राहिली आणि जागा गेली, असं पुष्कळांचं होतं. सोमवारी आपणहून संकेतस्थळावर जाऊन पाहा. उरलेल्या ४० टक्के जागा प्रवेशाच्या सात दिवस आधी, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता खुल्या होतात.

अर्जात अनेक पसंती देता येतात, तिथे लोक एक चूक हमखास करतात. एकच नावाजलेलं ट्रेलहेड आणि त्याच्या सहा वेगवेगळ्या तारखा लिहितात. हॅपी आइल्स किंवा लायल कॅन्यन अशा वाटांना मागणी इतकी असते की तारखा बदलून फारसा फरक पडत नाही. त्याऐवजी तारीख एक ठेवा आणि ट्रेलहेडं बदला. नकाशावर पाहिलंत तर दोन-तीन वेगवेगळ्या वाटा दुसऱ्या दिवशी एकाच तळ्याकडे येऊन मिळताना दिसतील. शुक्रवार-शनिवारऐवजी सोमवार ते बुधवार यांपैकी एखादा दिवस प्रवेशाला घेतलात तर शक्यता आणखी वाढते.

जॉन म्यूर ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेवर डोनाह्यू पासमार्गे योसेमिटीतून बाहेर पडणाऱ्यांसाठी वेगळी मर्यादा आहे, दिवसाला ४५ जण. चार रात्रींच्या प्रवासाला या भानगडीत पडायचं कारण नाही. हाफ डोम या योसेमिटीतल्या कातळी सुळक्याच्या शेवटच्या चढावर, पोलादी तारांच्या टप्प्यावर, दिवसाला ३०० जणांनाच सोडतात, त्यातल्या ७५ जागा रानात मुक्काम करणाऱ्यांसाठी आहेत. तुमचा मार्ग तिथून जात असेल तर मुक्कामाच्या परवान्याबरोबरच तो मागा. नंतर जोडता येईल असं गृहीत धरू नका.

सिएराच्या पूर्व उताराचा मोठा भाग इन्यो राष्ट्रीय वनाकडे आहे. तिथे कोटा १ मे ते १ नोव्हेंबर या काळात असतो आणि सोडत नसते, माउंट व्हिटनी हे शिखर सोडून. ६० टक्के जागा सहा महिने आधी आणि ४० टक्के दोन आठवडे आधी खुल्या होतात, दोन्ही वेळा पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ ला. पुण्यातून कोणी बुकिंगला बसणार असेल तर वेळेचा घोळ टाळा. फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाचे सकाळचे ७ म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे ८:३०. ऑगस्टच्या सुरुवातीला तिकडे घड्याळं एक तास पुढे केलेली असतात, त्यामुळे तेव्हा संध्याकाळचे ७:३०. खातं आधी उघडून ठेवा, आत शिरून बसा, कार्डाचा तपशील हाताशी ठेवा. जागा कार्टमध्ये आली की ती पैसे भरण्यासाठी १५ मिनिटं राखून ठेवतात. भारतीय कार्डावर ओटीपी अडकला तर ही १५ मिनिटं बघता बघता संपतात, म्हणून बुकिंग अमेरिकेत राहणाऱ्याने त्याच्या कार्डावर केलेलं बरं.

व्हिटनीची सोडत फेब्रुवारीत असते. कोट्याच्या काळात दिवसाला १०० एकदिवसीय आणि ६० मुक्कामी, एवढेच जण सोडतात. पहिल्याच प्रवासात ते लक्ष्य ठेवू नका.

तुमच्या जागी मी योसेमिटीच्या सोडतीत अर्ज जरूर टाकेन, पण सगळा बेत तिच्यावर उभा करणार नाही. सहा जणांना एकाच दिवशी, एकाच वाटेवर जागा मिळणं हे दोघांना मिळण्यापेक्षा खूप कठीण असतं. खरा बेत आखावा एमिग्रंट वाइल्डनेसचा. योसेमिटीच्या उत्तर सीमेला लागून असलेला, स्टॅनिस्लॉस राष्ट्रीय वनातला हा भाग. तसाच ग्रॅनाइटचा कातळ, तशीच तळी, आणि कोटा नाही. परवाना लागतो, पण तो फुकट आहे आणि दिवसाला कितीही गटांना मिळतो. हायवे १०८ वर पाइनक्रेस्टजवळ समिट रेंजर स्टेशन आहे, तिथून तो घ्यायचा. कचेरीच्या वेळा आणि परवाना ईमेलने मिळतो का हे निघायच्या आठवड्यात विचारून घ्या. बे एरियातून गाडीने साडेतीन-चार तासांचं अंतर. क्रॅबट्री ट्रेलहेड साधारण ७,२०० फुटांवर आहे. तिथून कॅम्प लेक, पाइयूट मेडो, जेम लेक, ज्युएलरी लेक, डिअर लेक अशी वाट चार रात्रींना पुरून उरते. एक अट ध्यानात ठेवा: ट्रेलहेडजवळच्या कॅम्प लेक आणि बेअर लेक अशा काही तळ्यांवर एकच रात्र राहता येतं, म्हणून तिथे तळ ठोकून रोज फिरून यायचा बेत करू नका. कोटा नसलेला आणखी एक पर्याय म्हणजे राज्याच्या उत्तरेकडचा ट्रिनिटी आल्प्स. तिथे परवान्याचा अर्ज रेंजर स्टेशनबाहेर ठेवलेला असतो, आपणच भरून एक प्रत पेटीत टाकायची आणि एक बरोबर ठेवायची.

चालायचंच नाही, गाडीजवळ तंबू लावायचा आहे, तर राष्ट्रीय वनात आणि बीएलएमच्या जमिनीवर वनरस्त्याकडेला अनेक ठिकाणी फुकट आणि परवान्याशिवाय राहता येतं. मुक्कामाची मर्यादा बहुधा १४ दिवस. कोणत्या रस्त्यावर गाडी नेता येते आणि कडेला किती आत घालता येते हे त्या वनाच्या मोटार वाहन वापर नकाशात छापलेलं असतं, तो फुकट मिळतो. राष्ट्रीय उद्यानात हे चालत नाही. योसेमिटीत कॅम्पग्राउंडबाहेर गाडीत झोपणंसुद्धा नियमभंग आहे. पूर्वेकडे लोन पाइनजवळच्या अलाबामा हिल्समध्ये पूर्वी कोणीही कुठेही राहत असे. आता तिथेही जागा ठरवून दिल्या आहेत आणि फुकट का होईना, परवाना काढावा लागतो.

परवान्यावर नाव कोणाचं हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण जास्तीत जास्त गट इथेच अडकतात. परवाना गटप्रमुखाच्या नावावर असतो, हस्तांतरित होत नाही, आणि तो घेताना गटप्रमुखाला फोटो ओळखपत्रासह हजर राहावं लागतं. ज्याची रजा पक्की आहे त्याच्याच नावावर काढा. पुण्याहून येणाऱ्याचा व्हिसा अजून हातात नसेल तर त्याचं नाव प्रमुख म्हणून घालू नका. पर्यायी प्रमुखाचं नाव देता येत असेल तर बुकिंगच्याच वेळी द्या. माणसांची संख्या जास्तीत जास्त धरून लिहा: सहाचे चार झाले तर अडचण येत नाही, चाराचे सहा करायचे तर कोट्यात जागा उरलेली असावी लागते. योसेमिटीत राखलेला परवाना प्रवेशाच्या आदल्या दिवशी किंवा त्या दिवशी सकाळी १० पर्यंत परवाना केंद्रावर जाऊन घ्यायचा असतो. वाटेत उशीर होणार असेल तर आधी कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाते. या परवान्यावर प्रवासाच्या आदली एक रात्र आणि नंतरची एक रात्र बॅकपॅकर्स कॅम्पग्राउंडवर राहता येतं, वेगळं बुकिंग लागत नाही. ही सोय बऱ्याच जणांना माहीत नसते आणि ते महागड्या लॉजमध्ये राहतात.

महाराष्ट्रातल्या ट्रेकिंग संस्थांसाठी इथेच एक गोष्ट सांगायला हवी, कारण आता परदेशातल्या ट्रेकच्या जाहिराती दिसू लागल्या आहेत. मित्रांनी खर्च वाटून घेणं ठीक आहे. पण आयोजक सहभाग शुल्क घेऊन लोकांना नेत असेल तर अमेरिकेच्या संघीय जमिनीवर तो व्यवसाय धरला जातो. त्यासाठी पार्क सर्व्हिसची किंवा फॉरेस्ट सर्व्हिसची वेगळी व्यावसायिक परवानगी लागते. साध्या परवान्यावर असा गट नेणं बेकायदा आहे. तुम्ही कोणाला पैसे देऊन जाणार असाल तर त्याच्याकडे ती परवानगी आहे का हे स्पष्ट विचारा आणि कागद पाहा.

उद्यानाचा प्रवेश हा मुक्कामाच्या परवान्याहून वेगळा असतो. त्यात १ जानेवारी २०२६ पासून मोठा बदल झाला आहे. अमेरिकेत न राहणाऱ्यांना योसेमिटीसह ११ राष्ट्रीय उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जास्त द्यावे लागतात. वार्षिक पास निवासींना ८० डॉलरला मिळतो, अनिवासींना २५० ला. निवासी असल्याचा पुरावा म्हणजे अमेरिकेतलं सरकारी फोटो ओळखपत्र, म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्याकडचं राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स. पुण्याहून येणाऱ्या तिघांचा खर्च मांडताना हे धरा. राष्ट्रीय वनांना हे जादा शुल्क नाही. एमिग्रंटच्या बाजूने हेही एक कारण.

आता विस्तव. कॅलिफोर्नियात फॉरेस्ट सर्व्हिस आणि बीएलएमच्या जमिनीवर, बांधीव कॅम्पग्राउंडबाहेर, नुसता गॅसचा स्टोव्ह पेटवायलाही कॅलिफोर्निया कॅम्पफायर परमिट लागतं. ते फुकट आहे. ऑनलाइन छोटी माहिती वाचून काही प्रश्नांची उत्तरं दिली की मिळतं आणि ३१ डिसेंबरपर्यंत चालतं. जो स्टोव्ह पेटवणार त्याने आपल्या नावाने काढावं. ऑगस्टमध्ये लाकडाच्या शेकोटीवर बहुतेक बंदी असते, म्हणून ती नाहीच असं धरून कपडे आणि स्लीपिंग बॅग घ्या, कारण नऊ हजार फुटांवर ऑगस्टमध्येही पहाटे पारा शून्याजवळ उतरू शकतो. बंदी नसेल तेव्हाही योसेमिटीत ९,६०० फुटांच्या वर शेकोटी चालत नाही आणि एमिग्रंटमध्ये ९,००० फुटांच्या वर. त्या उंचीवर झाडं इतकी सावकाश वाढतात की जळालेलं लाकूड भरून येत नाही. तीन दगडांची नवी चूल मांडायची नाही. डेसोलेशनमध्ये शेकोटीला कायमची बंदी आहे.

निर्बंधांच्या काळात स्टोव्ह तोच चालतो ज्याची ज्योत चावी फिरवून लगेच बंद करता येते. स्पिरिटचा स्टोव्ह आणि घन इंधनाच्या वड्या चालत नाहीत. गॅसचा डबा विमानात कोणत्याच सामानातून नेता येत नाही, तो तिकडेच घ्यायचा. नुसतं पाणी उकळायचं असेल तर माणशी दिवसाला २५-३० ग्रॅम गॅस पुरतो. डाळ शिजवायला निघालात तर पुरत नाही. २,८०० मीटरवर पाणी ९१ अंशांच्या आसपास उकळतं, आणि कुकरशिवाय तूरडाळ शिजायची लक्षणं दिसत नाहीत. उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं की होईल असंच अन्न न्या: पोहे, तयार उपमा, वाळवलेली शिजवलेली खिचडी, मेतकूट आणि झटपट भात.

अन्नाचा प्रश्न खरा आहे तो अस्वलांमुळे. कॅलिफोर्नियात फक्त काळं अस्वल आहे. ते माणसाच्या मागे लागत नाही, ते डब्याच्या मागे लागतं. एकदा माणसाच्या अन्नाची चव कळलेलं अस्वल तंबूत आणि गाडीत शिरायला लागतं, आणि शेवटी बऱ्याचदा त्याला मारावं लागतं. म्हणून योसेमिटीच्या संपूर्ण रानात आणि डेसोलेशनमध्ये बेअर कॅनिस्टर सक्तीचा आहे. हा जाड, गोल, पकड न मिळणारा डबा असतो आणि तो उघडायला अंगठे किंवा नाणं लागतं. अन्नाची पिशवी झाडाला टांगणं योसेमिटीत चालत नाही, आणि अस्वलाला न फाटणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कापडी पिशव्याही चालत नाहीत. अन्न नीट न ठेवल्यास दंड ५,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो. ट्रेलहेडवर उभ्या केलेल्या गाडीतही काही ठेवायचं नाही, तिथल्या लोखंडी कपाटात ठेवायचं. एमिग्रंटला सक्ती असो वा नसो, कॅनिस्टर न्याच. योसेमिटीच्या परवाना केंद्रांवर तो भाड्याने मिळतो.

मोठा डबा ११.५ लिटरचा आणि साधारण १.२ किलोचा असतो. एका माणसाचं सहा दिवसांचं अन्न त्यात दाबून बसतं. तुम्हा सहा जणांना चार रात्रींसाठी असे चार-पाच लागतील. आत अन्नच नव्हे, वास येणारं सगळं जावं लागतं: टूथपेस्ट, सनस्क्रीन, ओठांचं मलम, खोकल्याच्या गोळ्या, रिकामी वेष्टनं. म्हणून वजन नव्हे, आकारमान मोजा. चिवडा आणि कुरमुरे जागा खातात. दाण्याचे लाडू, चिक्की, खजूर आणि सुकामेवा थोड्या जागेत जास्त उष्मांक देतात. पहिल्या दिवशी मुक्कामाआधी संपणारं अन्न डब्याबाहेर ठेवता येतं, तेवढी जागा वाचते. रात्री डबा बंद करून तंबूपासून तीस मीटर लांब, सपाट जमिनीवर ठेवा. उतारावर, कड्याजवळ किंवा ओढ्याकाठी ठेवलात तर अस्वल तो ढकलेल आणि डबा खाली जाईल. दोरीने बांधू नका, दोरी म्हणजे अस्वलाला ओढून न्यायला मूठ. पुण्याहून खाऊ आणणार असाल तर विमानतळावर अन्न असल्याचं जाहीर करा, आणि ताजी फळं, भाज्या, मांस आणू नका. अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा यलोस्टोनमध्ये जवळ बाळगायला सांगतात, योसेमिटीत तो बाळगणंच बेकायदा आहे.

तंबूची जागा: योसेमिटीत पाणी आणि पायवाट दोन्हींपासून किमान १०० फूट, म्हणजे ३० मीटर लांब. शक्य असेल तिथे दुप्पट ठेवा. शिवाय गाडीरस्त्यापासून किमान एक मैल, आणि योसेमिटी व्हॅली, टुओलुम्नी मेडोज, ग्लेशियर पॉइंट अशा वस्तीच्या जागांपासून चार मैल लांब गेल्याशिवाय तंबू लावता येत नाही. चार मैल म्हणजे साडेसहा किलोमीटर, तेही बहुधा चढाचे. दुपारी चारला चालायला लागलात तर अंधारात पोचाल, म्हणून पहिल्या दिवशी सकाळीच निघा. कातळ, वाळू किंवा पाइनच्या सुयांचा थर असलेली जागा निवडा. हिरवळ मऊ असते म्हणून मोह होतो, पण त्या उंचीवरचं गवत एका रात्रीच्या तंबूने मरतं आणि वर्षानुवर्षं परत येत नाही. तंबूभोवती चर खणायचा नाही, दगडांची आडभिंत रचायची नाही. वाटेवर गट १५ जणांपर्यंत चालतो, वाट सोडून जायचं तर योसेमिटीत आठच. तळ्याच्या काठचा आवाज पलीकडच्या काठावर स्वच्छ पोचतो, म्हणून स्पीकर घरी ठेवा.

शौचासाठी पाणी, वाट आणि तंबू यांपासून ६० मीटर, म्हणजे सत्तरेक ढांगा, लांब जाऊन १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा खणायचा आणि मातीने बुजवायचा. छोटं हलकं फावडं प्रत्येक दोघांत एक असावं. कागद पुरायचा नाही, बंद पिशवीत भरून परत आणायचा. इथे आपली पाण्याची सवय उलट सोयीची पडते. बाटली ओढ्यावर भरा आणि पाण्यापासून लांब नेऊन वापरा, ओढ्यात काहीही धुवायचं नाही. भांड्यांनाही तेच लागू. 'निसर्गात विघटन होणारा' असं लिहिलेला साबणसुद्धा तळ्यात चालत नाही. चहाचा चोथा आणि भांड्यात उरलेली शितं गाळून कचऱ्याच्या पिशवीत घ्या. व्हिटनीच्या परिसरात मैलाही पिशवीत भरून खाली आणावा लागतो, तिथे खड्डा चालत नाही. पिण्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळून किंवा उकळून प्या, पोट बिघडवणारा जिआर्डिया हा जंतू डोळ्यांना दिसत नाही.

उंचीचा विचार पुण्याहून येणाऱ्यांनी खास करावा. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, टुओलुम्नी मेडोजचा गाडीरस्ताच २,६०० मीटरवर. जेट लॅग आणि उंची एकाच दिवशी अंगावर घेऊ नका. एक रात्र ट्रेलहेडच्या उंचीवर काढा, मगच वर चढा. डोकेदुखी आणि मळमळ वाढत चालली तर खाली उतरणं हाच उपाय. प्रवास विम्यात पायी गिर्यारोहण आणि किती उंचीपर्यंत धरलं आहे ते वाचून घ्या, खासगी हवाई रुग्णवाहिकेचं बिल फार मोठं येतं.

रेंजर वाटेत भेटतात आणि परवाना पाहतात. तो कागदावर छापून बरोबर ठेवा, फोनला रेंज नसते. परवाना नसणं हा संघीय गुन्हा आहे. बहुतेकदा दंडाची पावती मिळते आणि तिथून माघारी पाठवतात, पण कायद्यात कमाल शिक्षा ५,००० डॉलर आणि सहा महिने कैद अशी आहे.

ऑगस्टमध्ये शेवटची अडचण वणव्यांची. परवाना हातात असला तरी वन बंद झालं तर तो निरुपयोगी होतो. २०२१ मध्ये ३१ ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कॅलिफोर्नियातली जवळजवळ सगळी राष्ट्रीय वनं सरसकट बंद ठेवली होती. म्हणून एक पर्याय दुसऱ्या खात्याच्या जमिनीवर आणि दुसऱ्या दिशेला ठेवा. एमिग्रंट ठरवलं असेल तर दुसरं योसेमिटीचं सात दिवस आधी खुलं होणारं एखादं कमी मागणीचं ट्रेलहेड असू द्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या वनाच्या संकेतस्थळावरचे बंदीचे आदेश, हवेची गुणवत्ता आणि धुराचा नकाशा पाहा. आणि बेत बदललाच तर हातातला परवाना त्याच वेळी रद्द करा. रद्द झालेली जागा पुन्हा कोट्यात येते, आणि तुमच्यासारखाच कोणी गट ती रोज शोधत बसलेला असतो.